रिमोटचं विमान पारखताना

आपल्या नाशिक जिल्ह्यात ओझरला १९६४ सालापासून विमानांचा कारखाना आहे. तिथे मिग-२१ विमानं बनली. मग आम्हां मुलांना विमानाचं वेड असणारच!

कांदे निवडून जमवलेले पैसे घेऊन मी मामाबरोबर दुकानात गेलो. मामा म्हणाला, "स्वस्तातलं आहे, नीट पारखून घे."

आधी दोन्ही पंख समोरून पाहिले. एक पिळलेला असला की विमान एका अंगाला कलंडतं. मग बॅटरी बसवून पंखांखाली बोटं धरली, तोल पाहिला. शेपूट जड असली तर विमान नाक वर करतं आणि पडतं. शेपटीची हलती पट्टी हलवली, तर ती ढिली! पंख डिंकाच्या जोडापाशी उकललेला.

मी म्हणालो, "मामा, हे नको."

मित्रांनो, खोक्यावरचं चित्र उडत नाही. आतलं विमान बघा, मगच पैसे द्या.