सत्तावीसशे रुपयांची सहल

मोठ्या आपाचा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. जानेवारीत त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पन्नास डॉलरमध्ये त्याने पर्थमध्ये एक दिवस काढला होता. शहरातल्या फुकट बसने फिरायचं, किंग्ज पार्कच्या टेकडीवरून स्वान नदी बघायची, तिथेही तिकीट नाही. मग लेक मोंगर नावाच्या तलावावर काळे राजहंस. आपल्याकडे राजहंस म्हटला की पांढराच, तिथला काळाकुट्ट आणि चोच लाल. शेवटी एका तुर्की माणसाच्या दुकानात हलाल कबाब. सगळं मिळून पन्नास डॉलर.

माझी मुलगी नववीत आहे. व्हिडिओ बघून तिने मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाली, "अब्बू, आपल्याकडे असं काहीच नाही ना?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. निबंधाला 'आमची सहल' हा विषय वर्षानुवर्षं देत आलोय. मुलं काय लिहितात ते मला पाठ आहे. अर्धी मुलं आत्याच्या लग्नाला गेल्याचं लिहितात, उरलेली उरुसाला गेल्याचं. त्यांची चूक नाही. आपल्या घरांत घराबाहेर पडायची कारणं ठरलेली असतात: लग्न, मयत, दर्गा, दवाखाना. नुसतं बघायला म्हणून जाणं म्हणजे इसराफ, उधळपट्टी. माझ्या अम्मीचं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. ती आयुष्यात एकदाही 'फिरायला' म्हणून कुठे गेलेली नाही.

मी हिशेब केला. पन्नास डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण सत्तावीसशे रुपये. मुलीला म्हटलं, "त्याच पैशात आपण पाच जण जाऊ. पक्षी बघू, जेवू, एक जुनी वास्तूही बघू."

"कुठे?"

"भिगवणला."

मुलगा, पाचवीतला, लगेच तयार झाला. अडचण अम्मीची होती.

आम्ही शिरूरला राहतो. अम्मी दौंडला धाकट्या भावाकडे असते. अब्बा रेल्वेत होते, त्यामुळे दौंड हेच आमचं घर. पण अम्मीचं माहेर भीमेच्या काठी, भिगवणच्या खालच्या अंगाला होतं. होतं, असंच म्हणावं लागतं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली, त्यात तेही गेलं. माझ्या दोन्ही बहिणींचा जन्म नानीच्या घरातला. माझा जन्म १९८० चा, आणि तो दौंडचा, कारण बाळंतपणाला जायला माहेर उरलं नव्हतं. मामू तेव्हा नव्या गावठाणात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते.

नानी १९७६ साली गेली. तिला तिथेच, ओढ्याकाठच्या कब्रस्तानात दफन केलं होतं. गाव उठलं तेव्हा लोकांनी मारुती हलवला, नव्या गावात बसवला. दारं, तुळया, जात्यासुद्धा नेल्या. कबर कशी हलवणार?

अम्मी नव्या गावठाणात मामूंकडे जायची, पण पाण्याकडे कधी फिरकली नाही. कुणी विषय काढला तर म्हणायची, "क्या देखनेका उधर? पानीच तो है."

यंदा शब-ए-बरात फेब्रुवारीच्या मध्यात आली. या रात्री आपल्यात गेलेल्यांची आठवण काढतात, पुरुष कब्रस्तानात जाऊन फातिहा पढतात. मी अब्बांच्या कबरीवर जाऊन आलो. अम्मी दारातच बसली होती. म्हणाली, "तेरे अब्बा की कबर पे तो तू जाता. मेरी अम्मा की कबर पे कौन जाता?" आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. मी रात्रभर जागाच होतो.

सकाळी मी तिला भिगवणचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "एस्टी में मेरा टिकट लगता क्या?"

"पंचाहत्तर के ऊपर फुकट है."

"तो फिर चलते."

रमजानच्या आधीचा शेवटचा रविवार ठरला. फेब्रुवारी भिगवणला चांगला. पाणी उतरू लागतं, काठाला चिखलाची पट्टी उघडी पडते आणि त्या उथळ पाण्यावर पक्षी उतरतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मोसम. मात्र सकाळी लवकर पोचायला हवं, ऊन चढलं की पक्षी आत सरकतात.

फजरची नमाज पढून निघालो. दौंडहून कुरकुंभपर्यंत सहा आसनी रिक्षा, माणशी वीस. कुरकुंभला सोलापूर रस्त्यावर इंदापूरकडे जाणारी एसटी मिळाली. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे बायको आणि मुलगी अर्ध्यात, मुलगाही अर्ध्यात, पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. कंडक्टरने अम्मीचं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. तिने ते घडी घालून बटव्यात ठेवलं. भिगवणला उतरून एक रिक्षा ठरवली: कुंभारगाव, तिथून डिकसळ आणि परत भिगवण, चारशे रुपये.

कुंभारगावच्या काठावर होड्या लागलेल्या असतात. इथली भोई समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या मासेमारी करतात, आणि आता त्यांच्यातलीच तरुण मुलं पक्षी दाखवतात. आमच्या नावाड्याचं वय पंचविशीच्या आसपास असेल. त्याला पक्ष्यांची मराठी नावंही येत होती आणि इंग्रजीही. होडीचे हजार रुपये. आमच्या खर्चातला हा सर्वांत मोठा आकडा, पण तो थेट त्याच्या घरात जातो.

पाणी अगदी स्थिर होतं. आधी पाणकावळे दिसले, खुंटांवर पंख वाळत घालून बसलेले. मग शेकाटे, लांब लाल काड्यांसारख्या पायांचे. केशरी रंगाची चक्रवाकं जोडीजोडीने. पट्टेरी राजहंसांचा एक थवा दिसला. डोक्यावर दोन काळे पट्टे, हीच त्यांची खूण. हे हिमालय ओलांडून येतात असं नावाड्याने सांगितल्यावर मुलाने तोंडाचा आ केला. "पर्थवाल्याचा राजहंस उडत उडत हिमालय पार करतो का?" असं त्याने दोनदा विचारलं. भाच्यावर मात केल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

आणि मग रोहित. फ्लेमिंगो. लांबून पाण्यावर एक फिकट गुलाबी रेघ दिसते, जवळ जावं तसे तिचे पाय आणि माना होतात. शे-दीडशे तरी असतील. डोकं पाण्यात उलटं घालून, वाकडी चोच फिरवत खात होते. त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो, पाण्यातलं शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांच्यातून. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. नावाड्याने होडी लांबच थांबवली. "जवळ नेली तर उडतील, फोटो चांगला येईल, पण त्यांचं खाणं मोडतं," म्हणाला. मला त्याचं फार बरं वाटलं.

मुलगी फोटो काढत होती. अम्मी पक्ष्यांकडे बघतच नव्हती. ती होडीच्या कडेवरून खाली पाण्यात बघत होती.

मी नावाड्याला अम्मीच्या गावाचं नाव सांगून ते कुठे होतं विचारलं. तो म्हणाला, "मला नाही सांगता यायचं सर. माझा जन्म पाणी आल्यानंतरचा. आमच्या म्हाताऱ्याला विचारा, काठावर बसलाय."

म्हातारबाबा जाळं विणत बसले होते. अम्मी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कंच्या घरची म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"मुलाण्याची."

"थोरल्या का धाकल्या?"

"थोरल्या मुलाण्याची. शेंडेफळ."

"आगं, मग तुमची इहीर आमच्या मळ्याला लागून!"

पुढची वीस मिनिटं आम्ही चौघं नुसते ऐकत उभे होतो. अम्मी घरात दखनी बोलते. दौंडच्या बाजारात बोलते ती मराठी कामापुरती, सावध. पण त्या बाबांशी ती ज्या मराठीत बोलली ती मी कधीच ऐकली नव्हती. इहीर, वटा, तरवड, वगळ. वीस वर्षं मराठी शिकवतो, आणि माझ्या आईची मराठी मला त्या दिवशी कळली. ओढ्याच्या कुठल्या बाजूला मशीद होती यावरून दोघांचं चक्क भांडण झालं. बाबा म्हणत होते अलीकडे, अम्मी म्हणत होती पलीकडे. शेवटी बाबांनी माघार घेतली. "बाई म्हणतीय तर आसंल. आमी काय नमाजाला जात हुतो?"

मग उठून त्यांनी पाण्याकडे हात केला. एक लांबचं झाड धरलं, दुसरीकडे टेकाड धरलं, आणि दोन्हींच्या मधोमध बोट दाखवलं. "तितं. ती पांढरी पाखरं हायती ना, त्याच्या मागं."

अम्मीने ओढणी डोक्यावर नीट घेतली, हात उचलले आणि तिथेच उभ्या उभ्या फातिहा पढली. आम्हीही हात उचलले. बाबा जाळं बाजूला ठेवून गप्प बसले. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. हात तोंडावरून फिरवून म्हणाली, "अच्छी जगह है. ठंडी है."

जेवण नावाड्याच्याच घरी झालं. आपण बाहेर पडलो की जेवणाची चिंता असते, मटण हलाल आहे का, विचारायचं कसं, विचारलं तर समोरच्याला काय वाटेल. माशाला ती अडचणच नाही, मासा जबह न करता हलाल असतो. तळलेली चिलापी, रोहूचं लालभडक कालवण, ज्वारीची भाकरी, कांदा. अंगणात एका कोपऱ्यात आम्ही जोहरची नमाज पढलो. घरातल्या ताईंनी न सांगता धुतलेली गोधडी अंथरून दिली.

परतताना डिकसळचा जुना दगडी रेल्वे पूल बघितला. मुंबईकडून येणारी रेल्वे १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून डिकसळपर्यंत पोचली, सोलापूरला जायला तिला १८६० उजाडलं. म्हणजे काही महिने हे छोटंसं गाव लोहमार्गाचं शेवटचं टोक होतं. धरण आलं तेव्हा रूळही हलवले, पुलावरून रस्ता गेला. अब्बा म्हणायचे, या पाण्याने रेल्वेलासुद्धा वाट बदलायला लावली. मुलीला ते सांगितलं. ती म्हणाली, "रेल्वेला नवी लाईन मिळाली. दादीच्या गावाला काय मिळालं?"

तिला द्यायला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्हा पिकला, हे खरं. कोरड्या जमिनीला ऊस लागला, शहरांना पिण्याचं पाणी मिळालं. हेच पाणी पसरलं म्हणून रोहित आले, नावाड्याच्या घरात हजार रुपये आले. आणि याच पाण्याखाली नानी आहे. यातलं एक खरं मानून दुसरं पुसता येत नाही. पाठ्यपुस्तकात धरणाचे फायदे पाच ओळींत लिहायला सांगतात. पुढच्या वेळी मी मुलांना सहावी ओळही लिहायला सांगणार आहे.

रात्री मुलीने हिशेब मांडला. रिक्षा आणि एसटी जाऊन येऊन साडेचारशे, भिगवणची रिक्षा चारशे, होडी हजार, जेवण सातशे, चहा आणि पेरू नव्वद. एकूण दोन हजार सहाशे चाळीस. साठ रुपये उरले. तिने फोटो आणि हिशेब ग्रुपवर टाकला.

पर्थहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, मामू, लेक मोंगरचं मूळ नाव गालप. तो तिथल्या नूंगार लोकांचा तलाव. गोऱ्यांनी १८३० मध्ये तिथे त्यांच्यावर हल्ला केला होता. मी राजहंसांचा व्हिडिओ केला तेव्हा मला हे माहीतच नव्हतं.

अम्मी शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारलं, "फिर वो लोगां किधर गए?"

भाचा म्हणाला, "हैं नानी. इधरीच हैं."

"तो उनको पूछ," अम्मी म्हणाली. "उनको सब याद रहेंगा."

सहलीला खरंच फार पैसे लागत नाहीत. रविवार मोकळा ठेवा, पाण्याच्या बाटल्या घरून भरून घ्या, पहाटे निघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागे ठेवून जाऊ नका. अर्धं बघण्यासारखं त्यांच्याकडेच असतं. एसटीत त्यांचं तिकीटही लागत नाही.

उरलेले साठ रुपये अम्मीने मागून घेतले. ईदनंतर परत जायचंय म्हणते, मशीद ओढ्याच्या पलीकडेच होती हे त्या बाबांना पटलेलं नाही, असा तिला संशय आहे.