हजेरीपटावरचे नाव

एकलहरे, वैशाख वद्य द्वितीया

चि. बाळूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा रविवारी आमच्या ओसरीवर, पाने मांडलेली असताना आणि चार पाहुणे पंक्तीला बसलेले असताना, तू आपल्या पोराला, तो जुने कबड्डी मंडळ सोडून पुण्याच्या मंडळात गेला म्हणून, जे बोललास ते अद्याप माझ्या कानांतून गेलेले नाही. दोन पैशांसाठी मंडळ विकणारा मुलगा आपल्या घराण्यात जन्मला, हे तुझे शब्द. पोर पानावरून उठले नाही. मान खाली घालून त्याने भात संपविला, पानाभोवतीची शिते वेचली, आणि हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले ते तुमची बस येण्याची वेळ होईतो परतले नाही. बापलेकांच्या मध्ये तिऱ्हाइताने शब्द टाकू नये ही आपल्या घराची रीत तुझ्या वडिलांनीच, दादांनीच, घालून दिलेली असल्यामुळे मी त्या वेळी गप्प राहिलो. परंतु त्या रात्री औष्णिक केंद्राच्या चिमणीवरचे तांबडे दिवे पाहत पडलो असता माझ्या लक्षात आले की, मी राखलेले मौन रीतीपेक्षा भित्रेपणाचेच अधिक होते.

तू अमेरिकेतील बेसबॉलच्या नामांकित खेळाडूंचा दाखला दिलास. आज या नगराची टोपी, उद्या त्या नगराची, आणि जिथे थैली जड तिथे निष्ठा, असे तुझे म्हणणे. बाळू, दाखला द्यावा तर तो संपूर्ण द्यावा. त्याच खेळात कर्ट फ्लड नावाचा एक खेळाडू सेंट लुईसच्या संघाकडून बारा वर्षे खेळला, दोनदा त्या संघाबरोबर जगज्जेता झाला, आणि १९६९ च्या ऑक्टोबरात संघाने त्याला काडीमात्र न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाशी त्याची अदलाबदल केली. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा मालकाचा हक्क संपत नाही, असे एक कलम त्या काळी प्रत्येक करारनाम्यात असे. वर्षाला ९० हजार डॉलर मिळविणाऱ्या या माणसाने २४ डिसेंबर १९६९ रोजी खेळाच्या आयुक्ताला पत्र लिहून आपण विकण्याजोगी मालमत्ता नाही असे कळविले, पुढचा सबंध हंगाम तो घरी बसला, आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. ते कलम १९७५ च्या अखेरीस लवादाने मोडीत काढले. पण तोवर फ्लडचे खेळणे संपले होते. ज्या मोकळिकीला तू हाव म्हणतोस ती मिळविण्यासाठी एका माणसाने पैसाच सोडला होता, आणि निष्ठेच्या गोष्टी बोलणाऱ्या मालकांनी तर त्याची अदलाबदल एखाद्या बैलासारखी केली होती.

पण इतक्या लांब कशाला जायचे? तुझ्या लहानपणी दादा ज्यांचे नाव हात जोडून घेत, ते विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी पुण्यात, महाराष्ट्राकडून, बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. त्या वर्षी आणि त्याच्या पुढल्याही वर्षी प्राध्यापक देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. आणि लगोलग हजारे ज्यांची गोलंदाजी त्यांनी फोडून काढली होती त्या बडोद्याकडे गेले. का गेले? तेथे राजाश्रय होता, बारमाही मुशाहिरा होता, आणि खेळाडूचे पोट खेळावर भरेल अशी व्यवस्था होती. देवधर महाराष्ट्राचे राहिले हे खरे, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते, महिन्याच्या महिन्याला वेतन त्यांच्या हाती पडत होते, आणि ज्याच्या घरची चूल दुसऱ्या लाकडावर पेटते त्याला संघावर निष्ठा ठेवणे सोपे जाते. हजाऱ्यांना मात्र बॅट हेच लाकूड होते. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुल महंमद ३१९ आणि हजारे २८८ अशी ५७७ धावांची भागी झाली, ती बडोद्यासाठी. आणि त्या होळकर संघाचे कर्णधार सी. के. नायडू तरी कोण, तर नागपुरात जन्मलेले आणि इंदूरच्या दरबारी चाकरीस असलेले! हजारे पुढे १९६०-६१ पर्यंत बडोद्याकडूनच खेळले आणि २००४ साली वारले तेही बडोद्यातच. आता तूच सांग, त्यांना मंडळ विकणारे म्हणायचे की वीस वर्षे एका गादीशी इमान राखणारे? ज्या माणसाची कोणी काळजी वाहिली, तेथे तो राहिला. मला याहून निष्ठेचा दुसरा उगम आजवर दिसलेला नाही.

आणि काळजी न वाहता निष्ठा मागणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. पालवणकर बाळूंनी पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टी राखली आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी केली. पुढे इंग्रजांना हरवायचे म्हणून शहरातल्या हिंदूंनी त्यांना आपल्या संघात घेतले. पण मैदानावर त्यांच्या हातून चेंडू घेणारेच चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. माझी ठाम समजूत झाली आहे, आणि वय वाढते तशी ती अधिकच घट्ट होत आहे, की आपल्या समाजात निष्ठा हा एक सारा आहे, आणि तो नेहमी खालच्याकडूनच वसूल होतो. शेतमजुराने मालकाशी इमान राखावे, सुनेने घराशी, कारकुनाने दफ्तराशी, खेळाडूने मंडळाशी. पण मालकाने, घराने, दफ्तराने आणि मंडळाने कोणाशी इमान राखावे, हे सांगणारा कीर्तनकार मला अजून भेटावयाचा आहे. मी येथल्या केंद्रात पाळ्यांची सारी वर्षे काढली. दोन १४० मेगावॉटचे आणि तीन २१० चे असे पाच संच फिरताना पाहिले, आणि पहिले दोन कायमचे बंद झालेलेही पाहिले. संच जुना झाला की त्याच्यापाशी उभे राहून कोणी निष्ठेची भाषा बोलत नाही. हिशेब होतो आणि तो बंद होतो. मग माणसाच्या बाबतीतच हिशेब करणे पाप का व्हावे?

प्रो कबड्डीच्या लिलावाविषयी तू तावातावाने बोललास. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने २०१८ साली ३६.४ लाखांना घेतले, त्याने त्या एका हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले, आणि पुढच्या वर्षी तो तेलुगू टायटन्सकडे १.४५ कोटींना गेला. हे तुझ्या लेखी बेइमानीचे ठळक उदाहरण. अरे, लिलावात खेळाडू बोली लावतो काय? जुना संघ त्याला मोकळा करतो, दुसरा फलक वर करतो, आणि ज्याचा फलक शेवटी वर राहील तिकडे त्याने जायचे. जुन्या संघाला हवा असेल तर तेवढीच बोली देऊन त्याला परत घेण्याची तरतूदही नियमांत आहे. पिशवीचे तोंड ज्याच्या हाती, त्याला सोडून पिशवीतल्या जिनसेवर तू रागावतोस. आणि तो पोरगा २०२१ च्या हंगामात दुखापत होऊन बाहेर बसला, हे सांगावयाचे तू विसरलास. चढाईपटूचे आयुष्य किती? मध्यरेषा ओलांडून गेलेला माणूस सात जणांच्या पकडीतून दरवेळी सगळ्या सांध्यांसकट परत येतो असे नाही.

येथे मला दादांविषयी लिहावे लागत आहे. लिहू नये असे ठरवून बसलो होतो. मुंबईच्या एका कबड्डी संघाने त्यांना कायमची नोकरी देऊ केली होती, त्याचे पत्र आईच्या पेटीत कित्येक वर्षे होते. आणि दादांनी नकार कळविला तो केवळ ज्या कारखान्याच्या संघातून ते खेळत तेथल्या साहेबाने तोंडी दिलेल्या शब्दावर. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. पुढे एका अंतिम सामन्यातल्या शेवटच्या चढाईत उजवा गुडघा गेला, तिसऱ्या महिन्यात रोजंदारीच्या हजेरीपटावरून नाव कमी झाले, आणि ज्या साहेबाने शब्द दिला होता त्याची बदली झाली होती. दादा मग मालधक्क्यावर मुकादमीला लागले. धाकट्या आत्याच्या पाटल्यांचे काय झाले हे तुला ठाऊक आहे. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून त्यांच्या गुडघ्याला शेक देणारा सहा वर्षांचा मुलगा तूच होतास. एकदा तुझी बोटे पोळली, तेव्हा तू रडला नाहीस, कारण दादांना झोप लागली होती. त्या मुलाने मोठेपणी आपल्या पोराला, दरमहा पैसे, जेवण आणि राहण्याची सोय देणाऱ्या पुण्याच्या मंडळात गेल्याबद्दल पंक्तीत दूषण द्यावे, याचे मला दुःख झाले. दादांच्या नकाराला तू भूषण समजत आलास. ते स्वतः तसे समजत नसत. शेवटच्या आजारात त्यांनी मला विचारले होते, "ते पत्र पेटीत आहे का रे अजून?"

पोराचे सगळेच बरोबर, असेही मी म्हणत नाही. गुरुजींना न भेटता, हंगाम अर्धा असताना तो गेला हे चूक. ज्या माणसाने पहाटे साडेपाचला त्याला लाल मातीवर श्वास कोंडून धरावयास शिकविले, त्याच्या पायांवर डोके ठेवून, मंडळाचा पोशाख धुऊन, घडी घालून परत करून मगच त्याने जावयास हवे होते. आणि हे मी त्याला सांगणार आहे, पण एकट्याला, पंक्तीत नव्हे. गुरुजींचे ऋण मंडळाच्या नावावर वसूल करण्याचा अधिकार मात्र मंडळाच्या अध्यक्षाला नाही. गेल्या वर्षी याच पोराचा खांदा उतरला असता डॉक्टरांचे बिल कोणी भरले ते जरा आठवून पाहा.

आता मुख्य गोष्ट. नव्या मंडळाने त्याच्याकडून काही लिहून घेतले आहे काय? घेतले असल्यास त्याची नक्कल मला पाठव. माझी नजर मंदावली असली तरी बारीक अक्षरातली कलमे वाचण्याची सवय गेलेली नाही. दुखापत झाल्यास उपचार कोणाच्या खर्चाने, ती बरी होईतो महिन्याचा पैसा चालू राहणार की थांबणार, आणि मुदतीआधी काढून टाकल्यास काय, एवढ्या तीन बाबी त्यात नसतील तर त्या घालून घेतल्याशिवाय त्याने एकही चढाई करू नये. तोंडी शब्द कोणी दिला असेल तर त्या माणसाचे नाव आणि हुद्दा विचारून घे. बारावीच्या पुढचे शिक्षण त्याने सोडले की काय, हेही मला कोणी सांगितलेले नाही. मॅटवर खेळताना पाय मातीपेक्षा वेगळा अडकतो असे म्हणतात; त्याला सवय होईपर्यंत कोणी लक्ष देणारे आहे का?

त्याची गुडघ्याला बांधावयाची पट्टी त्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात दोरीवर वाळत राहिली. उजव्या पायाची आहे. तुझ्या काकूने ती धुऊन, कागदात गुंडाळून ठेवली आहे, आणि मी उद्याच नाशिकरोडला जाऊन टपालाने पाठविणार होतो; पण लखोटा लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की पुण्यात तो कोठे राहतो हे मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर उलट टपाली कळव. माहीत नसेल तर आजच संध्याकाळी त्याला विचार.

सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझा,
काका