चोरबाजारांतील भातुकली

मुंबईच्या मटन स्ट्रीटवरील चोरबाजार शुक्रवारीं पहाटेंच पथारींवर पसरतो. तेथें जुन्या घड्याळांच्या ढिगाखालीं आम्हांस पितळी भातुकली सांपडली: बंब, शेगडी, बोटभर लांबीची पळी. सावंतवाडीच्या चितार आळींतील लांकडी फळें मनोहर खरीं. परंतु पितळेस चिंच लावली कीं तें पुन्हा नवें होतें. ‘मृच्छकटिका’तील रोहसेनास मातीचा गाडा नकोसा झाला, सोन्याचा हवा होता, आमच्या नातीस मात्र हींच जुनीं भांडीं हवीं होतीं.

बंबाच्या बुडाशीं कोणा मुलीचें नांव घातलेलें होतें. विकणाऱ्यानें तें वाचलें असेल काय? दुकानदारास विचारलें. घर विकलें, सामान आलें, एवढेंच तो म्हणाला. घासाघीस तेथेंच थांबली.

कासारानें नातीचें नांव त्याच्याखालीं घातलें. पहिलें तसेंच आहे.