स्वप्न पाहणाऱ्या मुलाला जमिनीवर कोण आणतं?

"पाय जमिनीवर ठेव" हा सल्ला प्रत्येक वेळी शहाणपणाचा असतोच असं नाही. तो कोण कोणाला देतो, हे आधी पाहावं लागतं. 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' या जर्मन बालचित्रपटात (१९८४, दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन) बास्टियनचे वडील त्याला हेच ऐकवतात. आई वारलेली. दांडगी पोरं त्याला कचऱ्याच्या पेटीत टाकतात. पण घरात चर्चा होते ती त्याने गणिताच्या वहीत काढलेल्या चित्रांची. मुलाचं दुःख कुणी विचारत नाही, त्याचं स्वप्न मात्र खटकतं.

बास्टियन शाळेच्या माळ्यावर लपून एक पुस्तक वाचतो. त्यातलं फँटेशिया नावाचं राज्य एक पोकळी गिळत चालली आहे. ग्मोर्क नावाचा लांडगा कारण सांगतो: माणसं आशा सोडतात, स्वप्नं विसरतात, म्हणून पोकळी वाढते, आणि आशा संपलेल्या माणसांवर ताबा मिळवणं सोपं जातं. मुलांच्या सिनेमात इतकं थेट राजकारण क्वचितच सांगितलं जातं. लोकांच्या निराशेत कुणाचा तरी फायदा असतो.

मुलांसोबत काम करताना आम्हाला ही पोकळी रोज भेटते. दहावीतल्या मुलीला "झेपेल तेवढंच बघ" म्हणणारे शिक्षक स्वतःला व्यवहारी समजतात. हळूहळू ती प्रश्न विचारणं बंद करते. पुढे प्रवेशाचा फॉर्म भरायची वेळ येते, तेव्हा "नको" हे तिचं तीच म्हणते. अडवायला मग कुणाची गरजच उरत नाही.

म्हणून हा चित्रपट आम्हाला महत्त्वाचा वाटतो. शेवट मात्र पटत नाही. बास्टियन ड्रॅगनवर बसून आपल्या शहरात येतो आणि त्या दांडग्या पोरांना पळवून लावतो. झालं, सूड पूर्ण!

मूळ कादंबरीचे (१९७९) लेखक मिखाएल एंडे यांनाही चित्रपट मान्य नव्हता. ते कोर्टात गेले आणि हरले. त्यांचे वडील एडगर हे चित्रकार. नाझी राजवटीने त्यांच्या कलेवर बंदी घातली होती. सत्ता कल्पनेला का घाबरते, हे त्या घराने भोगलं होतं.

चित्रपट कादंबरीच्या साधारण निम्म्यावर थांबतो. पुढच्या भागात बास्टियनच्या प्रत्येक इच्छेपायी त्याची एकेक आठवण पुसली जाते. त्याला सम्राट व्हायचं असतं; आड येणाऱ्या अत्रेयू या मित्रालाच तो जखमी करतो. शेवटी स्वतःचं नावही हरवतं, आणि त्याच मित्राच्या मदतीने तो वडिलांकडे परततो. स्वप्नाची खरी परीक्षा या परतण्यात आहे.

मित्रांनो, मुलांना हा चित्रपट जरूर दाखवा. संपल्यावर एवढंच विचारा: ड्रॅगन नसता, तर बास्टियनने दुसऱ्या दिवशी शाळेत काय केलं असतं? उत्तर मुलांनाच शोधू द्या.