संकेतस्थळे आणि शालेय प्रकल्प : अर्धापूर परिसरातील एक अनुभव

शालेय प्रकल्पात विद्यार्थ्याने एखाद्या प्रश्नाचा शोध घ्यावा, हाती आलेली माहिती पडताळावी आणि ती स्वतःच्या शब्दांत मांडावी, अशी अपेक्षा असली तरी पुष्कळदा प्रकल्पाचे रूप दुकानातून काढून आणलेल्या रंगीत छापील पानांपुरतेच उरते. आणि त्याचे कारण मुलांच्या आळसात नसून विषय देण्याच्या पद्धतीत आहे, असे नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसरात शिकवताना प्रस्तुत लेखकाचे मत झाले. 'केळी' एवढाच विषय दिला, तर मूल पहिले सापडेल ते पान उतरवते. पण 'या आठवड्यात केळीला जागेवर काय भाव मिळाला आणि सरकारी नोंदीत काय दिसतो' असे विचारले, तर उतरवण्याजोगे तयार उत्तर कोठेच नसते.

अर्धापूरची ओळखच केळीची असल्याने हा प्रश्न मुलांच्या घरातला होता. केंद्र सरकारच्या 'अ‍ॅगमार्कनेट' या संकेतस्थळावर बाजार समित्यांमधील आवक, तसेच किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, म्हणजे ज्या भावाने बहुतेक माल विकला जातो तो, अशी माहिती मिळते. मुलांनी ती वहीत उतरवून घरच्या भावाशेजारी मांडली, तेव्हा घरी घड कापून गाडी भरली गेली त्या काही दिवसांची तेथे नोंदच नसल्याचे आढळले. व्यापारी बागेतच सौदा करतात आणि तो माल बाजार समितीच्या आवारात येतच नाही, हे कारण मुलांना वडीलधाऱ्यांकडून कळले. नोंद नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही असे नव्हे, हे संशोधनातील फार मोलाचे तत्त्व आहे, आणि ते शाळकरी वयात इतक्या सहज उमगावे, ही लहान गोष्ट नव्हे.

शोध मोकळा सोडण्याऐवजी शिक्षकाने आधी स्वतः पाने पाहून मोजकीच निवडावीत, म्हणजे मुलांचा वेळ माहिती हुडकण्यात न जाता ती वापरण्यात जातो. अमेरिकेतील सॅन दिएगो राज्य विद्यापीठाच्या बर्नी डॉज यांनी 1995 मध्ये 'वेबक्वेस्ट' या नावाने मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. जेथे एकाच मोबाइलवर वर्ग चालतो आणि रेंजचा भरवसा नसतो, तेथे तर ही निवड अपरिहार्यच ठरते. मराठीतून वाचण्यासाठी मराठी विश्वकोश सर्वांत विश्वसनीय वाटतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली 1976 मध्ये त्याचा पहिला खंड निघाला आणि आता त्यातील नोंदी संकेतस्थळावर खुल्या आहेत. नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे माहिती कोणाची हे लिहिण्याची सवय मुलांना लावता येते. मात्र छापील खंडांसाठी लिहिलेल्या नोंदींतील लागवडीचे व उत्पादनाचे आकडे जुने असू शकतात, म्हणून वनस्पतीचे वर्णन तेथून आणि चालू आकडे अन्यत्र, असा विवेक शिकवावा लागतो. इस्रोच्या 'भुवन' या नकाशांच्या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेली आपली शिवारे आणि कालवे पाहता येतात. तेथे मुले आपला बांध शोधण्यातच रमतात, आणि त्यांना रमू द्यावे.

प्रत्येक माहितीपुढे संकेतस्थळाचे नाव व पाहिल्याची तारीख लिहिलेली नसेल, तर प्रकल्प कितीही देखणा असला तरी शिक्षकांनी तो परत करावा, आणि पुढचा विषय देताना ज्याचे अर्धे उत्तर गावातच विचारावे लागेल असा प्रश्न निवडावा.