मागे बोके

जगाची रीतच आहे : पुढे उभा राहील तो ठळक, मागचा धूसर. फोटोग्राफीत मात्र याला कला म्हणतात, ही माहिती मला माझ्या भाच्याने पुरवली. माणसाच्या पाठीमागचं सगळं लोण्यासारखं मऊ विरघळतं, त्याला म्हणे 'बोके' म्हणतात. शब्द जपानी. अर्थ धूसरपणा, म्हातारपणी डोक्यात जे धुकं साचतं त्यालाही तिकडे हाच शब्द. लोकांनी उच्चार नीट करावा म्हणून १९९७ साली एका अमेरिकन मासिकाने त्याच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी 'एच' जोडला. आमच्या घरी त्या एचचा काही उपयोग झाला नाही. "मामी, तुझ्या मागे काय सुंदर बोके आलेत!" असं भाचा म्हणाल्याबरोबर मामी पोझ सोडून दुधावर झाकण ठेवायला धावली.

कृती सोपी आहे. भिंगाचं तोंड मोठं उघडायचं. आकडा उलटा : १.८ म्हणजे आ वासलेलं, १६ म्हणजे मिटत आलेलं. तोंड जितकं मोठं तितकं मागचं कमी स्पष्ट, हा नियम सोसायटीच्या सभांमुळे मला आधीच ठाऊक होता. मग आपण माणसाच्या जवळ जायचं आणि माणसाला भिंतीपासून लांब न्यायचं. दहा बाय बाराच्या खोलीत एका भिंतीपासून लांब जाणं म्हणजे दुसरीला टेकणं!

मोबाईलच्या इवल्याशा भिंगाला हे जमत नाही. म्हणून तो हिशेब करून मागचं पुसतो. आयफोनात ही सोय २०१६ साली आली. त्या हिशेबात कधी चष्म्याची काडी, कधी भुरभुरणारे केसही 'मागचे' ठरतात. आमच्या मेव्हण्यांचा डावा कान असाच गेला.

हे सगळं ठीक आहे. पण आमच्याकडे आईचा एक जुना फोटो आहे, 'क्लिक थ्री'वर काढलेला. त्या कॅमेऱ्यात फोकसची भानगडच नव्हती. समोर असेल ते सगळं उतरायचं. आईचा चेहरा मला पाठ आहे. मी बघतो ते मागचं : स्टोव्ह, दोरीवरचे टॉवेल, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि दारात चहाची वाट पाहत हसणारे वडील. त्यांचा हसतानाचा दुसरा फोटो नाही. १.८ वर ते टॉवेलात विरघळले असते.

भाच्याला म्हटलं, "आमचा एक फोटो १६ वर काढ."

"मामा, उजेड कमी पडेल."

"मग खिडकी उघड. पण मागचं सगळं दिसू दे. बोके नकोत, शेजाऱ्यांचा खराखुरा बोका आला तर असू दे."