परभणीकरांची समुद्राशी ओळख

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्यासाठी पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी, जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण आणि उन्हाळ्यात गल्लीत येणारा टँकर. वाळू उपशाने नदीत पडलेल्या खड्ड्यांचा धोका इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पाणी दिसले की आमच्या घरातल्या बायका आधी मुलांचा हात धरतात. हिवाळ्यात कोल्हापूरवरून फोंडा घाट उतरून आम्ही सहकुटुंब मालवणला गेलो, तेव्हाही ही धास्ती होतीच.

मालवणच्या समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहेत. 1987 मध्ये शासनाने हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. इथे स्नॉर्कलिंग करता येते. म्हणजे चष्म्यासारखा मास्क लावून, तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत खालची दुनिया पाहायची. स्कूबासारखी पाठीवर हवेची टाकी नसते आणि खोल जायचे नसते.

पहिला धडा श्वासाचा. नाक मास्कमध्ये बंद असते, म्हणून श्वास फक्त तोंडाने, संथ आणि खोल घ्यायचा. आमच्या खालाने दोन श्वास घेतले आणि घाबरून डोके वर काढले. गाईडने त्यांना होडीची शिडी धरायला लावली आणि तोंड पाण्यात ठेवून दहा श्वास मोजायला सांगितले. दहा झाल्यावर त्यांनी स्वतःहून शिडी सोडली. नळीत पाणी शिरले तर जोरात फुंकर मारायची, ते बाहेर पडते. मुलांनी विचारले, नळी लांब केली तर आणखी खाली जाता येईल का? नाही. खाली पाण्याचा दाब छाती फुगू देत नाही आणि लांब नळीत सोडलेलीच हवा परत आत येते.

मास्कची परीक्षा सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवून नाकाने हवा ओढा. तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. कडेखाली केस किंवा स्कार्फ आला तर पाणी झिरपते, म्हणून स्कार्फ घट्ट टोपीसारखा बांधून पट्टा त्यावरून घ्यावा. दाढीने फारसे बिघडत नाही, पण जाड मिशीतून पाणी येते. सैल बुरखा पाण्यात जड होतो आणि पायात अडकतो. अंगभर पोहण्याचा पोशाख सोबत न्यावा. आम्ही कुटुंबापुरती वेगळी होडी ठरवली, त्यामुळे महिलांना संकोच वाटला नाही.

खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा माणसाला जास्त उचलून धरते. तरीही लाइफ जॅकेट सोडू नये, जोडीदाराशिवाय उतरू नये आणि मुलांजवळ एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर असावा. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असते, तेव्हा जाऊ नये. गाईड नाही म्हणाला तर पैसे भरले आहेत म्हणून हट्ट धरू नये.

पाण्यात मासे जवळ आणि मोठे दिसतात, हात पुढे जातोच. पण प्रवाळ दगडासारखा दिसला तरी जिवंत असतो. त्यावर पाय ठेवला तर तो मोडतो आणि पुन्हा वाढायला वर्षे लागतात.

जाण्याआधी घरीच बादलीत तोंड बुडवून नळीने श्वास घेण्याचा सराव करा. नदीच्या डोहात मात्र हा सराव नको. आणि घरातल्या बायकांना किनाऱ्यावर चपला-पिशव्या सांभाळत बसवू नका. आमच्याकडे सर्वात जास्त वेळ पाण्यात राहिल्या त्या खालाच. जोहरची वेळ झाली, तेव्हा त्यांना हाक मारून होडीत घ्यावे लागले.